ओल्या पायांचा नियम

३ मार्च

या वेळी मी घरच्या वाटेवर असायला हवी होते. त्याऐवजी एका परक्या म्हातारीच्या घरात, तिच्या सुनेचे कपडे घालून बसले आहे. बाह्या कोपरापर्यंतच पोचतात. माझे कपडे बाहेर दोरीवर पिवळे पडून लोंबताहेत.

आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, त्यामुळे क्रम सोडून लिहिता येत नाही. क्रमाने लिहिते.

या बेटाच्या वरच्या अंगाला, काठावर, धातूवर मुलामा चढवणारा एक कारखाना होता. तो कधीच बंद पडला, त्याचं सांडपाण्याचं तळं मात्र तसंच राहिलं. यंदा त्या तळ्याची भिंत फुटली आणि पिवळं पाणी बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात उतरलं. तो पिवळेपणा क्रोमियमचा, म्हणजे विषाचा. भिंत आता बुजवली आहे, पण आत आलेलं पाणी आतच आहे. बेटाला काठाशी जोडणारा एकच बांध. बेटावरचे लोक मासे आणि पायांना लागलेला गाळ त्या बांधावरून बाजारभर नेत होते. म्हणून मी, पाणी खात्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख या नात्याने, नियम लिहिला. या पाण्याने भिजलेली वस्तू, जनावर किंवा माणूस बांधाचं फाटक ओलांडणार नाही. फाटकाजवळच्या खांबापाशी घेतलेला नमुना लागोपाठ तीनदा मर्यादेखाली आला, की फाटक उघडेल. तोवर अपवाद नाही. ते शेवटचे दोन शब्द खात्याच्या साहेबांना नको होते. मी ठेवायला लावले.

आज नमुने घेऊन, कोरड्या पायांनी, मी निघालेच होते. या बेटाची कारभारीण म्हणजे ही म्हातारी. तिला सगळे आत्या म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. ती आडवी आली. "बाई, एवढी आलीस तर आमचं निजवलेलं पाणी बघून जा. होडीतून पाच मिनिटं." मी नाही म्हटलं. तिने चहा आणला. चहा झाल्यावर नाही म्हणणं अवघड जातं.

मध्यावर तिच्या हातातला होडी ढकलायचा, टोकाला लोखंडी टोपण असलेला बांबू सुटला. चालायच्या आधी होडी शिकलेली ही बाई, आणि बांबू सुटतो! वयाने पकड जाते, हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. तो धरायला ती वाकली, होडी कलली, आणि मी पाण्यात. पाणी कमरेइतकंच होतं. बांबू कुठे गेला, पुन्हा दिसलाच नाही.

पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही.

"मॅडम, तुम्ही भिजलाय."

"मला दिसतंय."

"मग नियम..."

"नियम मी लिहिलाय."

"म्हणूनच तर, मॅडम."

समोर कोणीही असो, तोंड बघायचं नाही, आधी पाय बघायचे, हे या माणसाला मीच शिकवलं होतं. साहेबांना फोन केला. ते हसले. "नियम तुमचाच आहे, मॅडम. शिवाय तुम्ही आत असलात की कामाला वेग येईल." त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. उलट कसलंसं ओझं उतरल्यासारखा आवाज होता.

लेकीचे दिवस भरत आलेत. पहिलंच बाळंतपण. येते म्हणून शब्द दिला होता. तिला फोन केला तर हसली. "आई, तू तुझ्याच नियमात अडकलीस?" महिन्याच्या शेवटाला अजून वेळ आहे, असं मी म्हटलं. तिने "हो" म्हटलं. जरा लवकरच म्हटलं.

५ मार्च

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आत्या आणि मी, मागच्या खोलीत तिची सून. मला खिडकीखालची खाट दिली आहे. खिडकीतून पाणी दिसतं. दारातून पाणी दिसतं. मोरीत उभं राहिलं तरी फळ्यांच्या फटीतून पाणीच दिसतं. बेटाला फेरी मारून यावं तर कपातला चहासुद्धा निवलेला नसतो. आज चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला एक म्हातारा म्हणाला, "काही हरवलंय का?"

फाटकावरून टोपलीतून डाळ, बटाटे, पाव आणि माझी रसायनं आत येतात. टोपली बाहेर जाते ती रिकामी आणि धुतलेली.

सुनेचा नवरा बाहेर अडकला आहे. नियम लागू झाला त्या दिवशी तो काठावर होता. बाहेरच्याला कामाशिवाय आत येता येत नाही, आणि बायकोला भेटणं हे काम नव्हे, असं पहारेकऱ्याचं मत. रोज दिवेलागणीला दोघं जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून बोलतात. आज मी तिथे गेले तर दोघंही थांबले. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "यांनी लिहिलंय ते." नवऱ्याने नमस्कार केला. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

७ मार्च

ढवळयंत्र आलं. बांधावरून पाण्यात सोडलं. त्याचं काम सोपं आहे. लोखंडाचा क्षार पाण्यात मिसळायचा, क्षारामुळे पिवळं क्रोमियम हिरवं होतं, हिरवं तळाला बसतं आणि फारसा त्रास देत नाही. पलीकडच्या शहरातल्या तळ्यावर हे यंत्र उत्तम चाललं होतं. ते तळं सिमेंटचं होतं, हे मी आज दुपारी आठवलं.

इथे तळाला हातभर गाळ. यंत्राने तो सगळा वर काढला. पाणी डाळीसारखं दाट झालं. संध्याकाळी खांबापाशी रबरी नळीने नमुना ओढला, त्यात माझ्या रसायनाचे थेंब टाकले. विष असेल तर पाणी जांभळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. आज वांग्याच्या सालीचा रंग आला. कालच्याहून वाईट.

आत्या कमरेवर हात ठेवून किनाऱ्यावर उभी होती. "झालं ढवळून?"

मी बाटलीला बूच लावलं.

"नाही, झालं असेल तर मी जेवायला वाढते."

९ मार्च

ज्यासाठी भिजले ते निजवलेलं पाणी आज किनाऱ्यावरून पाहिलं. यांची रीत अशी. पाणी नासलं, मासे वर यायला लागले, की तेवढ्या भागाभोवती खुंट ठोकून चटयांची भिंत करायची. त्याला खण म्हणतात. खणात पाणकणसाच्या, म्हणजे काठावरच्या उंच गवताच्या, पेंढ्या बुडवायच्या, वर दगड. मग तिथे कोणी जायचं नाही. होडी नाही, वल्हं नाही, जाळं नाही, पोरांनी दगडसुद्धा मारायचा नाही. पाणी आधी काळं पडतं, मग वास मारतं, मग हळूहळू आरशासारखं होतं. तोवर पाणी निजलंय असं म्हणायचं. निजलेल्या खणाजवळून जाताना माणसं आवाजसुद्धा खाली आणतात.

मला आधी हसू आलं. मग खाटेवर पडल्यापडल्या विचार केला. कुजत्या पेंढ्या पाण्यातला प्राणवायू खातात. प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळातले जिवाणू पिवळ्या क्रोमियमचं हिरवं करतात. कॉलेजात हे आम्हाला एका परिच्छेदात शिकवलं होतं आणि परीक्षेला आलं नव्हतं. लोखंडाचा क्षार जे करतो तेच, फक्त न ढवळता.

संध्याकाळी आत्याला सांगितलं की तुमच्या रीतीत तथ्य आहे. ती म्हणाली, "बरं झालं बाई, तू सांगितलंस. आमच्या चार पिढ्या वाट बघत होत्या."

१० मार्च

वाईट दिवस.

फुटक्या भिंतीजवळ त्यांनी महिन्यापूर्वीच एक खण निजवला होता. आता तो स्वच्छ, तळ दिसतो. आत्याने त्यातलं भांडंभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. "हे बघ. आता उघड तुझं फाटक." बेटावरचे सगळे जमले होते.

मी थेंब टाकले. पाणी फिकट जांभळं झालं. फिकट, पण मर्यादेच्या बऱ्याच वर.

"तुझी बाटली खोटी आहे," आत्या म्हणाली.

मी दुसरी बाटली घेतली. पिण्याच्या पाण्याचा झरा बांधाच्या अंगाला, खांबापासून हाकेच्या अंतरावर, तळातून वर येतो. त्याभोवती यांनी दगडांचं कडं केलंय. तिथलं पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग आला नाही. मग पुन्हा खणातलं. जांभळं.

मग सून म्हणाली, "गेल्या आठवड्यात आपण त्या खणातले मासे खाल्ले." तिच्या बोटांच्या पेरांवर फोड आहेत, मी आल्या दिवसापासून बघतेय. तिला मी साबणाने झालं असेल म्हटलं होतं. ते साबणाने नव्हे. तिला आज मलम आणि हातमोजे दिले. आणि कडक शब्दांत ताकीद, कुठल्याही खणातला मासा कोणीही खायचा नाही. आत्यालाही.

आत्या उठून आत गेली. संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी बरोबर होते. बरोबर असण्याचा एवढा कंटाळा कधी आला नव्हता.

११ मार्च

आत्या उठली, चहा टाकला, कप माझ्यासमोर आपटला आणि बोलायला लागली.

"माझ्या आजीने पाणी निजवलं ते कुजलेलं पाणी होतं. हे विष तिने कुठे पाहिलं होतं? कुजलेलं पाणी निवळलं की बरं झालं. हे निवळतं आणि तरी बरं होत नाही. एवढं कपटी पाणी आम्हाला माहीत नाही."

"म्हणून बाटली हवी," मी म्हटलं.

"म्हणून बाटली हवी. आणि ते तुझं यंत्र?"

"ते बंद करून बाहेर काढते."

"लवकर काढ. कोंबड्या घाबरतात."

मग दोघींनी बसून ठरवलं. तिने राखेत बोटाने बेट काढलं. फुटक्या भिंतीपासून खांबापर्यंत एकापाठोपाठ खण. पाणी एका खणातून दुसऱ्यात, चटयांतून झिरपत, सावकाश जाईल. पेंढ्या तिच्या. लोखंडाचा क्षार माझा, पण ढवळायचा नाही. तागाच्या पिशव्यांत भरून चटयांच्या आतल्या बाजूला लटकवायचा, हळूहळू विरघळेल. निजलं की नाही, हे आत्याचे डोळे सांगतील. बरं झालं की नाही, हे माझी बाटली.

साहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "छान, फोटो पाठवा."

आज माझं नाव कळलं. मला इथे नळीबाई म्हणतात.

१५ मार्च

सगळं बेट राबतंय. बायका चटया विणतात, पुरुष खुंट ठोकतात, मी पिशव्या भरते. माझे गुडघे वाजतात. एका मुलीने विचारलं, "नळीबाई, आतून कोण ठोकतंय?"

लेकीचा फोन दोन दिवस नाही. मी केला तर ह्यांनी उचलला. ती झोपलीय म्हणाले. मागे चाकांचा खडखडाट येत होता, कोणी तरी काही तरी ओढत नेल्यासारखा. शेजारी फर्निचर हलवताहेत म्हणाले. ह्यांना म्हटलं, तिला मीठ कमी द्या. "इथे कमीच देतात," म्हणाले. म्हटलं, स्वयंपाक तुमच्याकडे आहे ना, मग देतात कोण? हे एकदम फोन ठेवून मोकळे झाले.

१८ मार्च

आकडे उतरत नाहीत. पाणी काळं पडतंय, वास मारतंय, आत्या समाधानी आहे, आणि माझं पाणी जांभळंच. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रत्येक खणात होडी घालून मधोमध नळीने नमुना घेते. काम चोख असायला हवं. इथून सुटायचं ते या आकड्यांवरच. त्यात हयगय कशी करू?

आज आत्याने होडीचा दोर धरला. "नाही जायचं."

"आत्या, सोडा."

"निजलेल्या पोराला तू दर घटकेला गदागदा हलवून विचारतेस, निजलास का? ते काय सांगेल?"

मी रागावले. शास्त्र कसं चालतं ते सुनावलं. नमुना नसेल तर पुरावा नाही, पुरावा नसेल तर फाटक नाही. ती दोर धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं. जा. पण जाताना चटई उचलतेस तेव्हा खाली बघ."

गेले. चटई उचलली. खाली बघितलं. बाहेरचं पिवळं पाणी माझ्या होडीबरोबर, अगदी माझ्या मागोमाग, खणात शिरत होतं. पाव्हण्यासारखं.

इतके दिवस रोज तीनदा प्रत्येक खणात विष मीच नेऊन सोडत होते. आणि मग ते मोजत होते.

परत आले. होडी दोराने बांधून टाकली. आत्याने काही विचारलं नाही, ही तिची मेहरबानी. फक्त जेवताना डाळ वाढून म्हणाली, "नळी लांब नाही का होत?"

१९ मार्च

होते. पाणकणसाचा लांब पोकळ दांडा चालत नाही, बुळबुळीत होऊन फाटतो. आत्याचा हट्ट होता, तो फसला. माझी रबरी नळी नुसती सोडली तर गाळात बुडते, तोही हट्ट फसला. शेवटी रबरी नळी वेताच्या तुकड्यांत ओवली आणि एकदाच चटईतून आत बसवून टाकली. आता किनाऱ्यावर बसून, पाणी न हलवता, पंपाने पाहिजे तेवढं ओढते. होड्या उलट्या करून ठेवल्या.

करायला काही उरलं नाही. आता फक्त वाट बघायची. हे मला कधीच जमलेलं नाही. आज सहा फेऱ्या.

२२ मार्च

खरं काय ते कळलं. लेक दवाखान्यात आहे. मी इथे अडकले त्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्तदाब वाढला म्हणून ठेवून घेतलं. जावयाच्या तोंडून निसटलं. ह्यांना विचारलं, का लपवलंत? म्हणाले, "सांगून तू काय केलं असतंस? तिथे जाळीला डोकं आपटलं असतंस." लेकीशी बोलले. आवाज बारीक. "आई, मी बरी आहे. तू काम कर." मग म्हणाली, "येशील ना?"

फोन ठेवला आणि फाटकापर्यंत जाऊन परत आले.

साहेबांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे गयावया केली. ते किती चटकन तयार झाले! "अहो मॅडम, आधी सांगायचं. तुमच्यासाठी अपवाद करू. पहारेकऱ्याला आत्ता कळवतो. तुमच्या जागी आमचा माणूस येईल. आणि एक, खांबापाशी कशाला, तो झरा आहे ना तुमच्या अहवालातला? तिथे तीन नमुने घेऊ, विषय संपेल. सगळेच सुटतील. बेटवाल्यांनाही बरं."

"आणि गाळातलं क्रोमियम?"

"ते काय, निजलंय ना?" आणि हसले.

सुनेने ऐकलं. घर केवढंसं. ती माझ्यासमोर येऊन बसली, हातमोजे घातलेले हात मांडीवर. "मॅडम, होऊ द्या ना तसं. तुम्ही लेकीकडे जा. माझा नवरा घरी येईल. झऱ्याचं पाणीही इथलंच आहे, खोटं कुठे आहे त्यात?"

"फाटक उघडलं की पेंढ्या कोण बदलणार? क्षार कोण पाठवणार?"

"ते मला नका विचारू. मला एवढंच माहीत आहे की तो जाळीपलीकडे उभा असतो."

आत्या कोपऱ्यात चटई विणत होती. मी म्हटलं, "तुम्ही काही बोलत का नाही?"

"तीन साहेब आले आजवर," ती म्हणाली. "चांगले होते. पाहून गेले, फोटो काढून गेले. एकाचाही पाय ओला झाला नाही. पुन्हा कोणी आलं नाही." चटईची काडी दातांनी तोडली. "तुझी लेक आहे. जा तू."

हिला माझ्याशी वाईटपणा नको आहे, एवढंच मला त्यातून कळलं.

२३ मार्च

गेले. म्हणजे फाटकापर्यंत गेले.

सकाळी पिशवी भरली. आत्याने माझे पिवळे पडलेले कपडे घडी करून दिले. सगळं बेट किनाऱ्यावर उभं होतं, कोणी हात हलवला नाही. पहारेकऱ्याने कुलूप काढून ठेवलं होतं. त्याला वरून हुकूम होता. तरी सवयीने म्हणाला, "मॅडम, पाय."

"तुला सांगितलंय ना वरून?"

"सांगितलंय. मी फक्त विचारतो. तुम्हीच म्हणाला होतात, विचारायचंच."

मी बूट काढले. मोजे काढले. बोटांच्या बेचक्यांत कातडी पिवळी आणि चिरलेली, टाचेला छोटं भोक पडल्यासारखं. दुखत नाही म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. नखांखाली गाळ. आंघोळ करूनही. हे पाय घेऊन मी बाळंतिणीच्या खोलीत शिरणार होते. हे हात घेऊन.

बेटासाठी मागे फिरले असं लिहायला आवडलं असतं. पाण्यासाठी, शास्त्रासाठी. तसं नव्हतं. मी माझे पाय बघितले. आणि मग वाटलं, हे जर माझ्या नातवंडापर्यंत जाऊ नये, तर बांधापलीकडच्या कुठल्याच पोरापर्यंत जाऊ नये. म्हणूनच तर नियम केला होता. तो बरोबर होता. दुसऱ्या कोणाच्या तरी पायांसाठी केला होता, एवढाच फरक.

"कुलूप लाव," मी म्हटलं.

"मॅडम, वरून हुकूम..."

"अपवाद नाही. आणि साहेबांचा माणूस आला तर सांग, नमुना खांबापाशीच, आणि तो मी घेणार."

त्याने कुलूप लावलं. लावताना मान खाली होती.

परत येताना सून भेटली. तोंड फिरवून गेली. तिचा मला राग आला नाही. आत्याने पिशवी घेतली, खाटेखाली सरकवली, आणि म्हणाली, "बटाटे सोल."

साहेबांना कळवलं. "तुमची मर्जी" म्हणाले. ह्यांना कळवलं. हे म्हणाले, "मी आहे इथे." लेकीला सांगायला तोंड नव्हतं. ह्यांनाच सांगायला सांगितलं. माझं हे वागणं नीट झालं नाही.

२५ मार्च

मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. दोघी ठीक. मी बांधाच्या कडेला दगडावर बसून फोन कानाला लावला होता, तिथेच आवाज नीट येतो. आधी ह्यांचं नुसतंच "अगं, अगं". मग रडण्याचा आवाज. एवढासा जीव, आवाज मात्र आजीवर गेलाय, असं जावई म्हणाले. लेक म्हणाली, "आई, ऐकलंस?" ऐकलं. मग म्हणाली, "तू नव्हतीस." तेही ऐकलं. तिने ते रागाने म्हटलं नाही, ते जास्त लागलं.

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. मागे कोणी तरी येऊन बसलं. सून होती. तिच्या हातात चहा होता, निवून गेला तरी धरून बसली होती.

२९ मार्च

सकाळी खांबापाशी नमुना घेतला. थेंब टाकले. बाटली उजेडाकडे धरली. काही नाही. दुसरी बाटली. काही नाही. रसायन शिळं झालंय का म्हणून ढवळयंत्राच्या दिवसाचं जपून ठेवलेलं पाणी तपासलं. ते वांगं झालं. मग पुन्हा खांबाचं. काही नाही.

आत्या शेजारी उकिडवी बसली होती. "निजलं?"

"निजलं."

"आणि बरं झालं?"

"मर्यादेच्या खाली आहे. अजून दोनदा यायला हवं."

"येईल," ती म्हणाली. मी म्हटलं, येईल म्हणून येत नाही, पेंढ्या बदलाव्या लागतील. क्षार संपत आलाय. कार्यालय आता क्षार पाठवायला टाळाटाळ करतंय, टोपली तीनदा क्षाराशिवाय आली. एकदा चांगला आकडा आला की त्यांचा उरलासुरला रसही संपतो, हे मला ठाऊक आहे. मीही त्याच कार्यालयात वाढले.

३० मार्च

परसात कपडे वाळत घालायला गेले. दोरी तुटली होती, आत्याने तिच्या जागी दोन खुंटांवर एक बांबू आडवा टाकला होता. लांब, गुळगुळीत, टोकाला लोखंडी टोपण, आणि हात धरायच्या जागी झिजून खड्डा पडलेला. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग आत्याला हाक मारली.

"हा कुठे सापडला?"

"कुठला?"

"हा. तुमच्या हातून सुटला होता तो."

आत्याने बांबूकडे असं बघितलं, जणू तो माझाच आहे. "तो तर इथेच असतो," म्हणाली आणि कोंबड्यांकडे वळली.

पहिल्या दिवसाचं सगळं एकेक करून डोळ्यांपुढे आलं. चहा. पाच मिनिटं. तिचं वाकणं. मी तिला वयाबद्दल ऐकवलेलं. माझी लेक, दवाखाना, तो आवाज फोनमधून. मी खूप बोलू शकले असते. आयुष्यात इतकं बोलण्यासारखं माझ्याकडे कधीच नव्हतं.

ओले मोजे पिळले आणि त्याच बांबूवर वाळत घातले. आत्या कोंबड्यांशी बोलत होती, पण मान माझ्याकडे होती.

संध्याकाळी साहेबांचा फोन. चांगल्या आकड्याची बातमी वर गेली आहे. उद्या ते स्वतः पाहणीला येताहेत, सोबत फोटोवाला. नवे बूट घालून येणार, बांधावरून पाहणार आणि तासाभरात निघणार. दुसऱ्या नमुन्याचं काय, क्षाराचं काय, विचारलं. "ते नंतर बघू, मॅडम."

जेवताना आत्याला सांगितलं. तिने माझ्या ताटात आणखी डाळ वाढली.

"त्यांना पोहता येतं का?" तिने विचारलं.

मी विचार केला. प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळच द्यायला हवं.

"पाणी कमरेइतकंच आहे," मी सांगितलं. "आणि त्यांना चहा आवडतो."